आत पाहा ना बे!

अडीच महिने. चार गॅरेजं. मागच्या डाव्या चाकातून आवाज येऊन राहिला आणि पहिल्या तीन महाभागांपैकी एकालाही वाकून आत पाहावंसं वाटलं नाही.

गाडी 2007 ची मारुती 800. जुनी आहे, मान्य. आवाजही काही गूढ नाही राजेहो. ब्रेक नुसता टेकवला की किर्र-टक, किर्र-टक, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. ब्रेक सोडला तरी दहावीस फूट खरडतच जाते. नरेंद्रनगरच्या पुलाखाली काच खाली केली की भिंतींवर आपटून तो आवाज परत कानात येतो. परवा बाजूचा ॲक्टिवावाला ओरडला, "भाऊ, मागून काहीतरी घासून राहिलं!" अरे हो बाप्पा, माहीत आहे. मिस्त्री सोडून सगळ्यांना माहीत आहे.

पहिला ट्रायलला निघाला तो काचा वर, एसी चालू, एफएम चालू. चौकातून परत आला आणि म्हणतो, "कुठं आहे आवाज?" मग रिमच्या भोकांतून हवेचा पाइप मारला. सिमेंट रोडची धूळ म्हणे. दोनशे रुपये.

दुसरा चाकाकडे न पाहताच "बेअरिंग" म्हणाला. मी म्हटलं, दादा, बेअरिंग गेलं तर ब्रेक मारा की न मारा, ते घुंघुं करणारच, स्पीड वाढला की वाढणार. माझा तर ब्रेक मारला की सुरू होते. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, तुम्ही काय करता?"

"अकाउंट्स पाहतो."

"मग."

या 'मग'चे एकोणीसशे रुपये झाले. घरी येऊन डोक्यात प्रकाश पडला, की मागचं बेअरिंग बदलायला ड्रम, म्हणजे ज्याच्या आत ब्रेक बसतो तो गोल डबा, काढावाच लागतो! म्हणजे एक तर यानं ड्रम काढला, हातात धरला आणि आत पाहिलं नाही. नाहीतर काढलाच नाही आणि पैसे घेतले. यातलं कमी वाईट कोणतं, ते मी अजून ठरवून राहिलो. आवाज अर्थातच जागच्या जागी.

तिसऱ्याने शॉकअपचे बुश बदलले. साडेसहाशे. त्यावर बोलण्यासारखं काही नाही. मेहुण्याचं आपलं एकच, गाडी काढून टाका ना भाऊजी.

शेवटी रविवारी सकाळी मीच बसलो. रिकामा रस्ता, गाडी अगदी हळू, पाय ब्रेकवरून काढलेला, आणि बटण दाबून धरून हँडब्रेक जरासा ओढला. किर्र-टक! या गाडीत हँडब्रेक फक्त मागचेच शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या, ओढतो. म्हणजे पुढच्या ब्रेकच्या पॅडवरचा संशय गेला. मग फुटाळ्यापर्यंत चक्कर मारून दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेला. उजवं कोमट, डावं तव्यासारखं. पाच मिनिटांचं काम, शून्य रुपये. हे तिसऱ्याला फोनवर सांगितलं तर म्हणतो, "मे महिन्यात नागपुरात गरम नसते असं काय आहे साहेब?"

चौथे म्हणजे छावणीतल्या एका गल्लीतले म्हातारे काका. बोर्ड नाही, एफएम नाही. जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, कान जवळ नेला, "हं" म्हणाले आणि ड्रम उतरवला. आत रिटर्न स्प्रिंगचे, म्हणजे ब्रेक सोडला की शू मागे ओढणाऱ्या स्प्रिंगचे, दोन तुकडे. एक जागेवर लटकलेला, दुसरा शू आणि ड्रमच्या मधे जाऊन बसलेला. घासून घासून त्याचा आकडा चांदीच्या नथीसारखा चमकत होता. ड्रमला आतून अशी खाच पडलेली की नख अडकत होतं. स्प्रिंग नाही म्हणून शू मागे सरकत नव्हता. शूवरचं घासायचं अस्तर, म्हणजे लायनर, एका बाजूने कागद झालेलं.

"अशी किती दिवस चालवली हो?"

चालवली कुठं काका, फिरवली. या गॅरेजातून त्या गॅरेजात.

स्प्रिंगचा किट दीडशे रुपयांना आला. दीडशे! आधी कोणी पाहिलं असतं तर तेवढ्यातच भागलं असतं. आता दोन्हीकडचे लायनर नवे टाकावे लागले आणि ड्रम लेथवर द्यावा लागला, ते वेगळं. सेमिनरी हिल्सच्या उतारावर हा तुकडा आडवा फसला असता आणि चाक जाम झालं असतं तर, याचा विचार मी करत नाही. पोरगी मागेच बसते.

काल तो तुकडा खिशात घालून मुद्दाम बेअरिंगवाल्याकडे गेलो. त्यानं हातात घेतला, उलटापालटा केला, परत दिला.

"पण बेअरिंगचा आवाज तर गेला ना साहेब?"