'फिती पाहून ब्लूज कळत नाही' म्हणणाऱ्या वाचकास

'एक जुना श्रोता' या नावाने प्रतिक्रिया देणाऱ्या वाचकास,

नमस्कार. ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतातला गायक हाउलिन वुल्फ याच्या 1964 ते 1966 मधल्या चित्रणांवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. एक चूक आधी कबूल करतो. 'शिंडिग' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात वुल्फ गायला, ते मी 1966 सालचं म्हटलं होतं. ते मे 1965 मधलं आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ही चूक दाखवताना 'एवढंही ठाऊक नसणाऱ्याने लेखणी उचलू नये' असं लिहायची काय गरज होती? साल चुकलंय, एवढं सांगून भागलं असतं. 'घरबसले रसिक' हा शब्द तुमच्या प्रतिक्रियेत तीनदा आलाय. पहिल्यांदा मी सोडून दिला. तिसऱ्यांदा वाचल्यावर उत्तर लिहायला बसलो.

तुमचं मुख्य वाक्य असं: 'ब्लूज समोर बसून ऐकायचा असतो, फिती पाहून तो कळत नाही.' अहो, वुल्फ जानेवारी 1976 मध्ये गेला. मी कोणासमोर जाऊन बसू? तुम्ही त्याच्या मैफलीला गेला असाल तर तसं लिहा, मी अधाशासारखा वाचीन. गेला नसाल, तर आपण दोघंही एकाच बाकावर आहोत.

आणि घरबसल्या म्हणाल, तर ऐका. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट संगीत महोत्सवाच्या 1966 मधल्या चित्रणाची व्हीएचएस टेप एका मित्राने मला अमेरिकेहून आणून दिली होती. पुण्यातल्या आमच्या खोलीत ती लावली, तर पडद्यावर काळंपांढरं चित्र वरून खाली धावत सुटलेलं. टेप एनटीएससी या अमेरिकी पद्धतीची, आमचा व्हीसीआर फक्त आपल्याकडच्या पाल पद्धतीचा. दोन्ही चालवणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर असलेलं घर शोधायला मला दोन महिने लागले. शेवटी दुबईहून परतलेल्या एका काकांकडे तो निघाला. त्यांच्या घरचे जेवायला बसले की तेवढा पाऊण तास मला मिळायचा. पाच रविवार मी सायकल मारत गेलो. वुल्फ ब्लूजवर बोलत असताना पिऊन मध्ये मध्ये बडबडणाऱ्या सन हाउस या जुन्या ब्लूज गायकाला तो सगळ्यांदेखत झापतो, ते मी त्या घरात सतरंजीवर बसून पाहिलं. काकू वरणभाताची ताटं घेऊन मागून जात होत्या आणि मला हलता येत नव्हतं.

आता फितीतून काय कळतं, ते सांगतो. वुल्फचा गिटारवादक ह्यूबर्ट सम्लिन पिक (तार छेडायची छोटी चकती) न घेता नुसत्या बोटांनी वाजवायचा. वुल्फनेच त्याला पिक सोडायला लावलं, असं तो स्वतः सांगत असे. हे मी वाचलं होतं आणि तबकड्या ऐकून ऐकून तो आवाज काढायचा प्रयत्न चार वर्षं केला होता. जमत नव्हतं. मग 1964 च्या युरोप दौऱ्यात जर्मनीतल्या बाडेन-बाडेनच्या टीव्ही स्टुडिओत झालेलं चित्रण 2003 मध्ये डीव्हीडीवर आलं. त्यात सम्लिनचा उजवा हात दिसतो. तार छेडली जाते त्यापेक्षा ओढून सोडली जाते, आणि सूर बसला की हात ताबडतोब मोकळा होतो. मी चित्र थांबवायचो, गिटार उचलायचो, पुन्हा मागे न्यायचो. अंगठ्याला फोड आले. चार वर्षं कानाला न उमगलेली गोष्ट डोळ्यांना एका रात्रीत दिसली.

समोर बसून ऐकण्याचा अनुभवही मला आहे. 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज गिटारवादक बडी गाय आला, तेव्हा मी रजा टाकून गेलो होतो. आवाज छातीत घुमत होता, अंगावर काटा आला होता, ती रात्र मी विसरणार नाही. पण त्याची बोटं? माझ्यापुढे उंचावलेले मोबाइल होते. बडी गायची बोटंसुद्धा मी फितींतच नीट पाहिली आहेत.

लोकसंगीत संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्सने न्यूपोर्टला चित्रणासाठी उभारलेला दारूचा अड्डा खोटा होता, स्टुडिओतले देखावे गोऱ्यांच्या कल्पनेतले होते, रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडने 'शिंडिग'मध्ये वुल्फच्या पायाशी बसून स्वतःचीच जाहिरात केली, हे तुमचे बाकीचे मुद्दे. अड्डा खोटा होता, ठीक आहे. वुल्फचा आवाज खोटा होता का? बाकीच्यांत मी शिरत नाही. स्टोन्सच्या हेतूंशी मला देणंघेणं नाही. त्या तीन मिनिटांत मी वुल्फकडे पाहतो. तुम्ही कोणाकडे पाहता, ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक विनंती. बाडेन-बाडेनचं ते चित्रण एकदा आवाज बंद करून पाहा, फक्त सम्लिनचा उजवा हात आणि वुल्फचे डोळे. मग जे वाटेल ते लिहा, कितीही विरोधात असलं तरी इथे छापीन. 'लेखणी उचलू नये' पुन्हा आलं, तर मात्र छापणार नाही.