‘खरं असेल तर अडवत नाहीत’, हे फिलिपिनो लोकांच्या बाबतीत खरं नाही

जून २०२५ पासून भारतीयांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय फिरता येतं, तेव्हापासून आपल्याकडे त्या देशाबद्दल बोलणारे एकदम वाढलेत. त्यातच एक मेसेज फिरतोय, मला आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की पासपोर्ट, व्हिसा आणि रिटर्न तिकीट असेल तर मनिलाला कुठल्याही फिलिपिनो मुलीला विमानात बसण्यापासून कोणी अडवत नाही, अडवलंच तर तिच्यातच काहीतरी काळंबेरं असणार, फॉरेनर पार्टनर सोबत असला किंवा लग्न झालेलं असलं की प्रश्नच मिटला, आणि हे सगळं बायकांच्या भल्यासाठीच आहे तर तक्रार कसली करता.

मी रत्नागिरीकडचा, बोटीवर असतो, बायको फिलिपिन्समधल्या इलोइलोची. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, कागद पुरेसे असतात हे. नाही असत. व्हिसा, तिकीट, पासपोर्ट ही नुसती सुरुवात. देशाबाहेर निघताना त्यांच्याच इमिग्रेशनच्या काउंटरवरच्या ऑफिसरला शंका आली की तो सेकंडरी इन्स्पेक्शनला, म्हणजे बाजूला वेगळ्या चौकशीला पाठवतो, तिथे फॉर्म भरायचा आणि मग नोकरी काय, पगार किती, खर्च कोण करतंय, तो माणूस तुला भेटला कुठे, किती दिवस ओळखतेस, असं सगळं सुरू होतं, आणि खर्च दुसरा कोणी करत असेल तर त्याचं नोटराइज केलेलं हमीपत्र मागू शकतात. डिसेंबर २०२२ मध्ये इस्रायलला निघालेल्या एका फिलिपिनो बाईकडे शाळा-कॉलेजचं इयरबुक, म्हणजे बॅचच्या फोटोंचं पुस्तक मागितलं होतं, विचारपूस इतकी लांबली की तिचं विमान गेलं. तिने नंतर व्हिडिओ टाकला तेव्हा देशभर बोंब झाली आणि इमिग्रेशन ब्युरोला माफी मागावी लागली. आता मला सांगा, सुट्टीला निघताना कोण इयरबुक घेऊन निघतं? २०२३ मध्ये यावर नवीन नियमावली काढली, ३ सप्टेंबरपासून लागू होणार होती, त्यात कागदांची यादी अजून लांबलेली, सिनेटर लोक भडकले आणि ऑगस्ट संपता संपता ती स्थगित केली. कागद पुरेसे असते तर एवढं रामायण झालंच नसतं.

दुसरा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण त्यात माणसाच्या चारित्र्यावरच बोट ठेवलंय. सरकारने स्वतः दिलेला आकडा बघा. २०२२ मध्ये ३२,४०४ फिलिपिनो प्रवाशांना थांबवलं. त्यातले ट्रॅफिकिंग म्हणजे माणसांच्या तस्करीचे किंवा बेकायदेशीर भरतीचे बळी निघाले ४७२. खोटे कागद किंवा खोटी माहिती देणारे ८७३, आणि अल्पवयीन १०. सगळे धरून दीड हजारसुद्धा होत नाहीत. मग उरलेले एकतीस हजार कोण होते? त्यांचं काळंबेरं कुठे गेलं? स्वस्तातलं नॉन रिफंडेबल तिकीट असेल तर ते गेलंच, वर रजा वाया, घरी परत जाऊन शेजारपाजाऱ्यांना तोंड द्यायचं ते वेगळंच. अशा लोकांना फॉरवर्ड करणाऱ्याने खोटारडं ठरवून टाकलं, एका ओळीत.

आता पार्टनर सोबत असला की झालं, हे. एक तर एअरपोर्टवर फिलिपिनो पासपोर्टची रांग वेगळी, फॉरेनरची वेगळी. तुम्ही शिक्का मारून पलीकडे उभे असता आणि ती अजून इकडेच. दुसरं म्हणजे फॉरेनर सोबत आहे हेच प्रश्न विचारायला कारण होतं.

लग्न करून टाका म्हणतात. लग्न केलं की सीएफओ येतं, म्हणजे परदेशातल्या फिलिपिनो लोकांसाठीचा सरकारी आयोग. परदेशी नवऱ्याकडे किंवा होणाऱ्या नवऱ्याकडे राहायला जायचं तर त्यांचं समुपदेशन करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं. माझ्या बायकोनेही केलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना लग्नच करता येत नाही त्यांचं काय? फिलिपिन्समध्ये मुस्लिम सोडून बाकीच्यांना घटस्फोट नाही. पहिला नवरा दहा वर्षांपूर्वी सोडून गेलेला असला तरी कागदावर ती त्याचीच बायको, लग्न मुळातच रद्दबातल ठरवून घ्यायचं, म्हणजे अॅनलमेंट, तर त्याला वकील, कोर्ट, पैसा आणि वर्षं. मे २०२४ मध्ये घटस्फोटाचं बिल खालच्या सभागृहात पास झालं, पण सिनेटमध्ये अडकलं. समलिंगी जोडप्यांना तर तिथे लग्नाचा कागदच मिळत नाही. अशी बाई पार्टनरसोबत आठ दिवस फिरायला निघाली तर नातं सिद्ध करायला दाखवणार काय?

आमच्या लग्नाआधी ती पहिल्यांदा भारतात आली तेव्हाचं मला आठवतंय. आदल्या रात्री तिच्या आईच्या स्वयंपाकघरात टेबलावर निळा फोल्डर उघडा, त्यात पगाराच्या स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, आमचे फोटो प्रिंट काढून मागे तारखा लिहिलेले, चॅटचे स्क्रीनशॉटसुद्धा. तिच्या आईने न सांगता बारांगायचा म्हणजे तिथल्या वॉर्डाचा दाखला आणून त्यात घातला, लेक इथलीच आहे, परत येणार आहे हे दिसावं म्हणून. काउंटरवर चार प्रश्न झाले आणि शिक्का पडला, फोल्डर कोणी उघडलाही नाही. आता कोणी म्हणेल बघा, खरं होतं म्हणून सोडलं. पण तिच्यासारखीच नोकरी, तसाच फोल्डर घेऊन पुढच्या काउंटरवर उभी असलेली दुसरी मुलगी सुटेलच याची खात्री कोण देतो? कुठला ऑफिसर समोर येतो त्यावर सगळं.

राहिलं भल्यासाठी म्हणतात ते. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. कॅटलॉग बघून बायको मागवायचा धंदा तिथे खरंच चालायचा, म्हणून १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा आला, २००३ मध्ये ट्रॅफिकिंगविरोधी आला, आणि २०१६ मध्ये १९९० चा तो कायदा बदलून इंटरनेट आणि पुरुषसुद्धा त्यात घेतले. म्यानमार-कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर फिलिपिनो पोरं अडकली तीही टूरिस्ट म्हणूनच निघालेली. तपासा, जरूर तपासा. पण १९८७ च्या त्यांच्या घटनेत प्रवासाचा हक्क लिहिलेला आहे, राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता किंवा आरोग्य याच कारणांसाठी आणि तेही कायद्याने सांगितलं असेल तसाच तो रोखता येतो. एजंट कोण, पैसे कोणी भरले, पलीकडे कोण उभा आहे याचा माग काढायचा सोडून पस्तिशीच्या कमावत्या बाईला बॉयफ्रेंड कसा भेटला विचारत बसायचं याने तिचं काय भलं होतं?

तेव्हा हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी तो काढावा ही विनंती. आणि आपल्यातला कोणी फिलिपिनो पार्टनरला इकडे आणणार असेल तर भारताने ऑगस्ट २०२५ पासून वर्षभरासाठी त्यांना ई-टूरिस्ट व्हिसा फुकट केला एवढ्यावर खूश होऊन बसू नका, तो व्हिसा इकडे उतरायला आहे, तिकडून निघायला नाही. तिच्या नोकरीचं आणि रजेचं पत्र, खर्च तुम्ही करणार असाल तर हमीपत्र, हे आधी करून ठेवा. विमानाच्या चार तास आधी पोचा, आणि ती पलीकडे येईपर्यंत तुम्ही गेटकडे जाऊ नका, फोन चालू ठेवा.