उंबऱ्याचं वाक्य

आज दुपारी एका सत्काराला गेले होते. जायला नको होतं. डोकं अजून तापलेलं आहे, त्यामुळे आज शुद्धलेखन बघू नका आणि 'ताई शांत व्हा' असंही कोणी लिहू नका.

सत्कार एका नटाचा. नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या सावंतवाडीकडच्या एका जुन्या घरात एका मालिकेचं शूटिंग चालायचं, त्यात हा म्हाताऱ्याचं काम करायचा. शाल झाली, श्रीफळ झालं, आंब्याची पेटी झाली. मग लोकांनी आग्रह केला आणि त्याने माइकवर ते वाक्य म्हटलं.

"घराक कुलूप लावलंस, बरां केलंस. पण उंबऱ्याक काय सांगान जातंस?"

टाळ्या थांबेनात. माझ्या शेजारच्या बाईंनी पदराने डोळे पुसले. आणि टाळ्या ओसरल्यावर हा म्हणतो, "हे काही स्क्रिप्टमध्ये नव्हतं बरं का. सेटवर उभा होतो, त्या घराने ते माझ्याकडून वदवून घेतलं."

घराने! चौथ्या रांगेत, भजनी मंडळाच्या मागे, मी बसले होते. ते वाक्य ज्या कागदावर होतं तो कागद मी लिहिला होता. रात्री अडीच वाजता, लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या मालिकेत मला 'भाषा बघायला' घेतलं होतं. म्हणजे मुंबईहून संवाद यायचे पुणेरी मराठीत, आणि मी त्यांची मालवणी करायची. पहिल्या आठवड्यात करत होते. दुसऱ्या आठवड्यापासून सीनच्या सीन मीच लिहू लागले, कारण मुंबईहून यायचं ते 'आई रडते, मुलगा समजावतो' एवढंच यायचं. श्रेयनामावलीत मी कुठे होते? 'विशेष आभार'मध्ये. घरमालक, ग्रामपंचायत आणि जेवण पुरवणारा यांच्या मध्ये. आणि ती पाटी एवढ्या वेगाने सरकायची की माझ्या भावाला माझं नाव दिसावं म्हणून टीव्ही थांबवून फोटो काढावा लागला.

आता कोणीतरी म्हणेल, चित्रपट-मालिका हे दिग्दर्शकाचं माध्यम. कोणी सांगितलं? 1954 साली फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने एक तावातावाचा लेख लिहिला, तिथपासून ही हवा. त्याचं भांडण त्याच्या देशातल्या गुळगुळीत, पुस्तकी पटकथांशी होतं. ते तिथे बरोबरही असेल. आपण मात्र ते ताईत बांधल्यासारखं गळ्यात घातलं. मालिकेत तर दिग्दर्शक आजारी पडला की दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राहतो आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. तिथे कोणाचं चालतं? चॅनलचं. गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी एखादं पात्र मरतं. आमच्या मालिकेतली म्हातारी अशीच गेली. परदेशात निदान मालिकेची सूत्रं बऱ्याचदा लेखकाच्या हातात असतात, त्याला 'शोरनर' म्हणतात. 2023 ला तिथले लेखक 148 दिवस संपावर बसले, अख्खी हॉलिवूड नगरी ठप्प झाली. आपल्याकडे लेखक संपावर गेला तर दुसऱ्या दिवशी त्याचा भाचा लिहायला बसेल.

आणि कायदा? कायद्याने तर कमालच केली आहे. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा 'कर्ता' कोण, तर निर्माता! ज्याने पैसे घातले तो. दिग्दर्शकही नाही, लेखकही नाही. कथा-पटकथा लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा असतो, पण तो आपण सहीनिशी देऊन टाकतो. मीही दिला. नऊ पानी इंग्रजी करार होता, त्यात लिहिलं होतं की हे लेखन सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी आणि संपूर्ण ब्रह्मांडात त्यांचं. ब्रह्मांडात! म्हणजे आरवलीच्या ग्रामदेवाच्या, वेतोबाच्या हद्दीतसुद्धा? मी हसत हसत सही केली. 2012 ला दुरुस्ती झाली, जावेद अख्तर राज्यसभेत पोटतिडकीने बोलले, गीतकार-संगीतकार-लेखकांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने बांधून दिला गेला. चांगलं झालं. माझ्या खात्यात त्यातलं अजून काही पडलेलं नाही ते सोडा.

हेच जावेद आणि सलीम 'जंजीर'च्या वेळी, 1973 मध्ये, पोस्टरवर आपलं नाव नाही म्हणून रंगाऱ्याला पैसे देऊन मुंबईभरच्या पोस्टरांवर नाव रंगवून आले होते. मी आज हॉलच्या बाहेर लावलेल्या बॅनरकडे बघून तोच विचार करत होते. खरंच. पर्समध्ये मार्कर होता.

तुम्हीच सांगा, 'चक्र' सिनेमा म्हटलं की कोण आठवतं? स्मिता पाटील. आठवायलाच हवी, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला. पण तो सिनेमा ज्यावरून आला ती कादंबरी आमच्या वेंगुर्ल्याजवळच्या जयवंत दळवींची, हे दहातल्या किती जणांना ठाऊक असेल? 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक कोणाचं? मच्छिंद्र कांबळींचं, असं माझ्या वर्गातली अर्धी मुलं सांगायची. गवाणकरांचं, गंगाराम गवाणकरांचं, असं मी फळ्यावर लिहायचे. 

(बरोबर आहे, त्यातला तात्या सरपंच बाबूजींशिवाय, म्हणजे कांबळींशिवाय, उभा राहिला नसता. माहीत आहे मला.)

आणि हो, एक गोष्ट मान्य करून टाकते म्हणजे कमेंटमध्ये कोणी शिकवायला नको. माझ्या कागदावर ते वाक्य एका ओळीत होतं. 'पण'च्या आधी तो जो थांबला, हातातली किल्ली खिशात टाकायला गेला आणि खिसाच सापडेना, ते मी लिहिलेलं नव्हतं. ते त्याचं. कॅमेरावाल्याने पायऱ्यांवरून पावसाचं पाणी येतंय ते खालून घेतलं, तेही माझं नाही. ठीक आहे. पण 'सुचलं' म्हणू नये ना माणसाने. 'बोललो छान' म्हण, हजार वेळा म्हण.

चहा प्यायला उठले होते. परत आले. वरचं वाचलं. खोडत नाही.

लहानपणापासून दशावतार बघत आले आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ. तिथे संहिता कुठे असते? रंग लावता लावता कंपनीतला कोणी जाणता सांगतो, आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, हिचं स्वयंवर मोडायचं, पहाटे चारला तिला परत आणायची. बस. पुढचं सगळं तिथल्या तिथे, पेटी-मृदंगाच्या साथीने. राजापार्टीने एखादं वाक्य असं टाकावं की समोरच्या स्त्रीपार्टीला त्याच्यावर चढून बोलावंच लागावं. सकाळी लोक घरी जाताना ती वाक्यं म्हणत जातात. कोणी विचारत नाही, लिहिलं कोणी. मला त्यांचा हेवा वाटतो. पण तिथे निदान कोणी वरून नऊ पानांचा करार घेऊन बसलेलं नसतं. आणि रात्र सगळ्यांची असते, एकाची शाल नसते.

हे लिहिताना एक गोष्ट सारखी टोचते आहे. सत्काराच्या हॉलमध्येच टोचायला लागली होती, म्हणून उठून बोलले नाही. घाबरले म्हणून नव्हे.

ते वाक्य माझंही नाही.

आमची थोरली काकी. माझ्या बारावीच्या वर्षी आषाढात तिच्या मुलाने तिला मोतीबिंदू काढायला मुंबईला नेलं. पाऊस असा की माडाखाली उभं राहिलं तरी छत्री उलटी. चुलतभावाने दाराला कुलूप घातलं, किल्ली आमच्या आईकडे दिली. आणि काकी, एका डोळ्याने जेमतेम दिसत असलेली, उंबऱ्यापाशी वाकून हात लावून त्याला म्हणाली, घराक कुलूप लावलंस, बरां केलंस. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी तिथे पिशवी धरून उभी होते. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

मी ते पंचवीसेक वर्षं सांभाळून ठेवलं आणि त्या रात्री अडीच वाजता एका म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं, कारण मालिकेतली म्हातारी आधीच्याच आठवड्यात टीआरपीने मारली होती. काकीचा काका केला मी. तिला विचारलं नाही. 'विशेष आभार'मध्ये तिचं नाव घाला असंही कोणाला म्हटलं नाही. स्वतःचं मात्र दोनदा म्हटलं होतं.

म्हणून कर्ता कोण हे मला विचारू नका आज. तो नट नाही, एवढं नक्की. घर तर नाहीच.

काकी आता शहाऐंशीची आहे. एकच डोळा चांगला आहे, पण तो फार चांगला आहे. तो भाग लागला त्या रात्री मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बसले होते. वाटलं होतं ओळखेल, रडेल, निदान माझ्याकडे बघेल. वाक्य आलं, गेलं. घरातली बाकी मंडळी हुंदके देत होती. काकीचं लक्षच नव्हतं. ती आधीच्या दृश्यात अडकली होती, निघण्याआधीच्या जेवणात. मी लिहिलं होतं पेज आणि भाजलेला सुको बांगडो. सेटवर कोणाला तरी सुका मासा ताटात 'दिसत नाही' असं वाटलं, म्हणून तळलेली सुरमई ठेवली होती, लिंबाच्या फोडीसकट.

"तूच लिवलंस मां ह्यां?" काकीने विचारलं.

मी म्हटलं, होय.

"मग आषाढात सुरमय खयसून इली गो? दर्या बंद, होडये वर काढलेले, आणि ह्यो म्हातारो सुरमय खाता?"

मी सांगायला लागले, काकी, ती मी नाही लिहिली, ते आर्टवाल्यांनी...

"नाव तुझा लागता मा खाली?"

"लागतं. शेवटी. लवकर जातं."

"मग तुझीच ती सुरमय," म्हणाली, आणि वाती वळायला घेतल्या.