‘गावच्या रस्त्याक कसली भीती?’ – दिवाळीत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: “रस्त्यावर जपून राहा, हे मुंबई-पुण्यासाठी. आपल्या गावात गाड्या किती, माणसं किती? नरकासुराच्या रात्री रस्ता आपलाच. गावातल्या गावात हेल्मेट कशाला? फटाके रस्त्यावरच लावा, खळ्याशेजारी गवताची उडवी (गंजी) असते. भाजलं तर टूथपेस्ट लावा. अपघात दिसला तर थांबू नका, पोलिसांच्या फेऱ्यात अडकाल.”

लोक हा मेसेज पुढे पाठवतात, कारण त्यात गावाचं कौतुक आहे. गाव मलाही प्रिय आहे, म्हणूनच लिहितोय. यातलं उडवीचं अर्धं वाक्य तेवढं खरं आहे. बाकीचं ऐकून वागलं तर माणसं जायबंदी होतील.

आधी हेल्मेट. आपल्याकडे दिवाळी आणि भातकापणी एकदमच येतात. भात सुकवायला, झोडायला कोरडी सपाट जागा लागते आणि डांबरी रस्ता आयता मिळतो. मग अर्ध्या रस्त्यावर भात, त्याच्या कडेने मांडलेले दगड आणि उरलेल्या अर्ध्यावर पेंढ्याच्या काड्या. सुक्या पेंढ्यावर ब्रेक दाबून बघू नका, मागचं चाक सरळ बाजूला जातं. संध्याकाळी भात उचललं जातं, दगड मात्र तिथेच राहतात. कापणी झाली की गुरंही मोकळी सुटतात आणि रात्री उबदार डांबरावर येऊन बसतात. काळोखात काळी म्हैस हेडलाइटमध्ये दिसते तेव्हा ती चार हातांवर असते. गाडी बाजूला घ्यावी तर बाजूपट्टीच नाही, थेट जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. चिऱ्यावर डोकं आपटायला गाडी ऐंशीच्या वेगात असावी लागत नाही. दुधाची पिशवी आणायला तिठ्यापर्यंत जाणाराही पडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 गावातला रस्ता आणि बाहेरचा रस्ता असा फरक करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, मागे बसलेल्यालाही.

सुट्टीत भाच्या-पुतण्यांच्या हाती स्कूटरची चावी देणाऱ्या मामा-काकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘नरकासुराच्या रात्री रस्ता आपलाच’ हे तर सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडे त्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, वाडीवाडीतून नरकासुराच्या मूर्ती नाचवत निघतात आणि पहाटे जाळल्या जातात. पण त्याच रात्री मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्याही येत असतात आणि पर्यटक मालवण-तारकर्लीच्या वाटेवर असतात. पहाटे तीन वाजता वळणापलीकडे भर रस्त्यात शे-दोनशे माणसं नाचत असतील, हे बाहेरगावच्या ड्रायव्हरच्या स्वप्नातही येत नाही. त्याला ते सांगायचं काम नरकासुर काढणाऱ्या मंडळाचं. घोळक्याच्या पुढे आणि मागे, वळणाच्याही अलीकडे, न प्यालेली दोन माणसं टॉर्च घेऊन आणि चमकणारी जॅकेटं घालून उभी करा. हे काम नाचण्याइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून आळीपाळीने करा.

दुसरा धोका डोक्यावर असतो. यंदा आपला नरकासुर शेजारच्या वाडीपेक्षा उंच हवा, ही ईर्षा मला समजते. पण मग वायर आडवी आली की पुढे एक पोरगा बांबूने ती उचलतो आणि खालून मूर्ती सरकवली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे दव पडतं, बांबू ओला होतो आणि ओल्या बांबूतून वीज उतरते. मूर्तीच्या सांगाड्यात बांधायची तारही असते. रस्त्यावरच्या बऱ्याच तारा उघड्या असतात, त्यांच्यावर वेष्टन नसतं. उपाय सोपा आहे: वाटेतली सर्वांत खालची वायर आधी बघून ठेवायची आणि मूर्ती तिच्यापेक्षा बरीच बुटकी करायची. ते जमत नसेल तर वायरमनला आधी गाठून लाइन बंद करून घ्यायची, स्वतः वायरला हात लावायचा नाही.

जाळतानाही तसंच. पोटात फटाके भरलेला नरकासुर पेटला की कुठला बॉम्ब कुठे उडेल हे पेटवणाऱ्यालाही माहीत नसतं. दोरी धरून कडं मोठं ठेवा, लहान पोरांना पुढे बसवू नका. आणि राखेतले खिळे नि तारा झाडून काढल्याशिवाय घरी जाऊ नका. अभ्यंगस्नान करून सकाळी देवळात निघालेल्यांच्या दुचाकी त्याच राखेवरून जातात.

आता उडवी. गवताजवळ फटाके नकोत, हे अगदी बरोबर. पण म्हणून भर रस्त्यात लावायचे? वात पेटवून मागे पळणारं पोर मागून येणारी गाडी बघत नाही. शाळेचं मोकळं मैदान परवानगीने वापरा. किनाऱ्यावर पुळण, म्हणजे वाळू, चांगली, फक्त होड्या आणि सुकत घातलेली जाळी यांच्यापासून लांब जा; नायलॉनचं जाळं क्षणात पेटतं. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशात दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 हीच वेळ ठरवली आणि फटाक्यांच्या माळांवर बंदी घातली, हेही त्या मेसेजमध्ये कुठे नाही. पाइपमध्ये कार्बाइड आणि पाणी घालून वाजवायची बंदूक मात्र घरात आणूच नका. वाजली नाही म्हणून पोर नळीत डोकावतं आणि तेव्हाच आतला वायू पेटतो. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपास अनेक मुलांचे डोळे असेच जखमी झाले.

टूथपेस्टबद्दल स्पष्टच सांगतो. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ यातलं काहीही भाजलेल्या जागी लावू नये. नळाच्या किंवा विहिरीच्या साध्या गार पाण्याची धार वीस मिनिटं सोडायची. दोन मिनिटांनी थांबायचं नाही. सूज येण्याआधी अंगठी, बांगड्या काढायच्या, कातडीला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, वर स्वच्छ सुती कपडा सैल गुंडाळायचा. लेप लावला तर डॉक्टरांना तो खरवडून काढावा लागतो आणि तोवर भाजणं किती खोल आहे ते कळतच नाही. आमच्या सिंधुदुर्गात जास्त भाजलेल्याला बऱ्याचदा गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात न्यावं लागतं. शहरापेक्षा इस्पितळ लांब, म्हणून पहिल्या वीस मिनिटांचं मोल आपल्याकडे जास्त.

राहिलं पोलिसांचं भय. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. तेव्हा थांबा, 108 ला फोन करा. ‘आमच्या वाडीत’ एवढ्यावर रुग्णवाहिका पोचत नाही. जवळचा तिठा, देऊळ, शाळा, किलोमीटरचा दगड सांगा आणि वाट फुटते तिथे गाडीला रस्ता दाखवायला एक माणूस उभा करा.