‘आरसिंक मारा, एमएक्स बदला’ एवढ्यावर मेल सर्व्हर हलत नाही

मेल सर्व्हर बदलायचा म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. तो थोडक्यात असा: मेल म्हणजे शेवटी फायलीच. जुन्या सर्व्हरवरचं मेलडिर (मेल साठवलेलं) फोल्डर आरसिंकने, म्हणजे फायली एका मशीनवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या प्रोग्रॅमने, नव्यावर न्या, एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणारी नोंद) बदला, मधल्या वेळेत आलेला मेल उचलायला रात्री पुन्हा एकदा आरसिंक मारा आणि जुना सर्व्हर लगेच बंद करा. आयमॅप आहे, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो आणि लोक तो तिथूनच वाचतात, त्यामुळे लोकांना काही कळणारही नाही.

ज्या ऑफिसात दहा-पंधरा मेलबॉक्स असतात आणि हे काम ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना’ म्हणून कुणाच्या तरी गळ्यात पडतं, तिथे हा सल्ला जसाच्या तसा पाळला जातो. नुकसानही तिथेच होतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मेल म्हणजे फायली.’ हे अर्धं खरं आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आखलेल्या मेलडिर पद्धतीत एका मेलची एक फाइल असते. पण लोकांना मेलबॉक्स उघडून देणारा डोव्हकॉटसारखा सर्व्हर त्या फायलींशेजारी स्वतःची एक यादीही ठेवतो. कुठल्या मेलला कोणता क्रमांक दिला, ते त्या यादीत असतं. दोन्हीकडे डोव्हकॉट असेल, शेवटच्या फेरीच्या वेळी जुन्या सर्व्हरवरचा मेल पूर्ण थांबवला असेल आणि नव्याकडे अजून एकही मेल आलेला नसेल, तर आरसिंक उत्तम चालतं. एका बाजूला कूरियर हा दुसरा सर्व्हर असेल तर यादीचा साचाच वेगळा, ती रूपांतरित करावी लागते. आणि गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर जायचं असेल तर तिथे फायलींना हात लावायची सोयच नाही.

खरा घात रात्रीच्या दुसऱ्या फेरीत होतो. मेलडिरमध्ये नुकताच आलेला मेल ‘न्यू’ (new) या डिरेक्टरीत असतो. तुम्ही मेलबॉक्स उघडलात की फाइल ‘कर’ (cur) या डिरेक्टरीत जाते आणि मेल वाचलात की नावाच्या शेवटी ‘:2,’ व पुढे ‘एस’ हे अक्षर लागतं. उत्तर दिलंत की ‘आर’ जोडलं जातं, तारांकित केलंत की ‘एफ’. म्हणजे वाचलं-न वाचलं ही माहिती फाइलच्या नावातच आहे. आरसिंकला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने एक फाइल नाहीशी झाली आणि दुसरीच एक आली.

आता सकाळी पहिली फेरी झाली, दिवसभर लोकांनी जुन्या सर्व्हरवर काम केलं आणि रात्री दुसरी फेरी मारली, असं समजा. ‘डिलीट’ पर्याय (जुन्यावर नसलेली फाइल नव्यावरूनही पुसणारा) न देता मारली, तर सकाळी नेलेला आणि दिवसभरात वाचलेला प्रत्येक मेल नव्या सर्व्हरवर दोनदा दिसतो, एकदा वाचलेला आणि एकदा न वाचलेला. दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेला मेल दोन्हीकडे दिसतो आणि कायमचा काढून टाकलेला मेल परत हजर होतो. हे टाळायला ‘डिलीट’ पर्याय दिला तर त्याहून वाईट होतं. एमएक्स दुपारीच बदललेला असतो, त्यामुळे दुपारनंतरचा काही मेल थेट नव्या सर्व्हरवर आलेला असतो. तो जुन्यावर नाही, म्हणून आरसिंक तो पुसून टाकतं. एररही येत नाही, कारण सांगितलं तेच त्याने केलेलं असतं. चार दिवसांनी एखादं टेंडरचं पत्र सापडत नाही, तेव्हा कळतं.

या कामाला फायलींऐवजी मेल ओळखणारं साधन लागतं. दोन्हीकडे डोव्हकॉट असेल तर त्याच्याच ‘डोव्हॲडम सिंक’ने दोन्ही बाजूंचे बदल जुळवता येतात. फक्त आयमॅपचा लॉगिन हातात असेल तर जिल लामिराल यांचं आयमॅपसिंक वापरा. ते मेसेज-आयडी आणि रिसीव्ह्ड या हेडरांवरून (मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींवरून) मेल ओळखतं, त्यामुळे कितीदाही चालवलं तरी दुबार प्रती होत नाहीत, आणि वाचल्याच्या खुणा व मूळ तारखा सोबत येतात. मात्र जुन्याकडे काढून टाकलेलं नव्याकडूनही काढण्याचा पर्याय त्यातही आहे. एमएक्स फिरल्यावर तो चालू ठेवलात तर आरसिंकचीच गत होते.

‘लोकांना काही कळणार नाही.’ आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरला यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा एक आकडा असतो; मेलना दिलेले क्रमांक अजून तेच आहेत की नाहीत, ते त्यावरून कळतं. आयमॅपचे नियम लिहिलेल्या 2003 च्या आरएफसी 3501 या दस्तऐवजात आणि 2021 च्या आरएफसी 9051 मध्येही नियम तोच आहे: हा आकडा बदलला की क्लायंटने (मेल वाचायच्या प्रोग्रॅमने) साठवलेलं सगळं टाकून द्यायचं. मग तो सगळं पुन्हा उतरवून घेतो. आयमॅपसिंकने हलवलेल्या मेलबॉक्सचे क्रमांक नवेच असतात, म्हणजे हे होणारच. दहा जणांचे प्रत्येकी 20 जीबी मेल एकाच लाइनवरून उतरायला लागले, तर 100 एमबीपीएस पूर्ण वेगाने मिळाले तरी साडेचार तासांच्या आसपास जातात. म्हणून हलवाहलव शनिवारी करा आणि लोकांना आधी सांगा. पॉप (मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) वापरणाऱ्यांचं तर आणखी अवघड: त्यांच्याकडे सर्व्हरवर ठेवलेले सगळे मेल नवे म्हणून पुन्हा इनबॉक्समध्ये येतात, जुन्या प्रतींच्या बरोबरीने. डोव्हकॉटमध्ये पॉपची ओळखखूण जुन्या सर्व्हरसारखी ठेवायची सेटिंग आहे. पहिला पॉप लॉगिन होण्याआधीच ती लावा.

‘थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती जोडून फोल्डर ओढून टाका’ असंही कुणी सुचवतं. दोनशे मेल असतील तर खुशाल करा. हजारो असतील तर मध्येच तुटतं आणि कुठवर आलं होतं ते कळत नाही.

‘एमएक्स बदलला की जुना बंद करा.’ एमएक्स रेकॉर्डचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) 86400, म्हणजे एक दिवस, असेल तर काही सर्व्हर दिवसभर जुना पत्ताच धरून बसतात. टीटीएल 300 वर आणायचा, पण बदलाच्या किमान एक दिवस आधी. त्याच वेळी आणून उपयोग नाही. याउलट, सर्व्हर तासभर बंद राहिला तर मेल बुडेल ही भीती अनाठायी आहे. पाठवणाऱ्या सर्व्हरने चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं, असं मेल पाठवण्याच्या नियमांचं आरएफसी 5321 सांगतं. म्हणून शेवटच्या फेरीपुरतं जुन्या सर्व्हरचं पोर्ट 25 (बाहेरचा मेल आत येतो ते दार) सरळ बंद करा. मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतो. फक्त पोर्ट चालू ठेवून डोमेन काढून टाकू नका. तसं केलं तर जुना सर्व्हर 5 ने सुरू होणारा कोड देतो आणि मेल तत्काळ परत जातो.

शेअर्ड होस्टिंग सोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघा. जुन्या होस्टच्या पॅनेलमध्ये तुमचं डोमेन ‘लोकल’ राहिलं, तर त्याच मशीनवरच्या दुसऱ्या ग्राहकांनी तुम्हाला पाठवलेला मेल एमएक्सकडे बघतच नाही. तो जुन्याच मेलबॉक्समध्ये पडत राहतो. वेबसाइट तिथेच ठेवली असेल तर तिच्या चौकशी फॉर्मचे मेलही तिथेच जातात. सीपॅनेल हे पॅनेल असेल तर त्यात ईमेल रूटिंग ‘रिमोट’ करायला एक मिनिट लागतं.

जुनं मशीन परत करण्याआधी प्रत्येक मेलबॉक्सच्या प्रत्येक फोल्डरमधली मेलसंख्या दोन्हीकडे ताडून बघा. देवनागरी नावांची फोल्डर्स मुद्दाम उघडा. आयमॅप ही नावं सुधारित यूटीएफ-7 या इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत लिहितं, त्यामुळे ‘पावत्या’ नावाचं फोल्डर डिस्कवर बऱ्याचदा ‘&’ ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतं आणि फायली हाताने हलवताना तेच मागे राहतं. मग जुन्या सर्व्हरचा लॉग रोज वाचा. सर्व्हरचा आयपी पत्ता थेट टाकून ठेवलेला एखादा स्कॅनर किंवा साहेबांचा जुना टॅब तिथे अजून लॉगिन करताना सापडतो. आठवडाभर असं एकही लॉगिन दिसलं नाही, की मग मशीन सोडा.