स्विच चुंबकाचा, बाकी सगळी बोंब

चार-पाच हजार रुपये मोजून घेतलेल्या नव्याकोऱ्या मॅग्नेटिक गेमिंग कीबोर्डचा स्पेसबार पहिल्याच दिवशी का खडखडतो? बॉक्सवर ८००० हर्ट्झ छापलंय, ०.००५ मिमी छापलंय, १ कोटी ६७ लाख रंग छापलेत. पण दिवसभर ज्या बटणावर अंगठा आपटतो त्या बटणाखालच्या तारेला चिमूटभर ग्रीस लावायला कारखान्यात कुणाला वेळ नाही. संताप याच गोष्टीचा आहे. जे अवघड होतं ते या लोकांनी करून दाखवलं आणि जे सोपं, स्वस्त आणि रोजच्या वापराचं होतं ते सोडून दिलं.

अवघड काय होतं ते आधी सांगायलाच हवं, कारण ते खरोखर चांगलं आहे. नेहमीच्या मेकॅनिकल स्विचमध्ये, म्हणजे बटणाखालच्या यंत्रणेत, धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात तेव्हा बटण दाबल्याची नोंद होते. चेरी कंपनीच्या लाल स्विचचा एकूण प्रवास ४ मिमी आणि नोंद होते २ मिमीवर. ती जागा कायमची ठरलेली. पट्ट्या टेकताना थरथरतात, म्हणून कीबोर्डला काही मिलिसेकंद थांबून खात्री करावी लागते. पट्ट्या खराब झाल्या, गंजल्या की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटतं. मॅग्नेटिक स्विचमध्ये पट्ट्याच नाहीत. बटणाच्या दांडीत एक छोटा चुंबक असतो आणि खाली पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की सेन्सरला क्षेत्र वाढल्याचं कळतं, त्यावरून बटण नेमकं किती खाली गेलंय ते मोजता येतं. घासणारा विद्युत संपर्क नाही, त्यामुळे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या खाऱ्या दमट हवेत संपर्कावर गंज धरण्याचा प्रश्नच उरत नाही. कल्पना जुनीच आहे. हनीवेलने १९६०च्या दशकाच्या अखेरीसच असे स्विच बनवले होते. गेमिंगमध्ये त्यांना नवं आयुष्य दिलं ते नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीने.

खरा फायदा रॅपिड ट्रिगरचा. साध्या स्विचमध्ये बटण ठरलेल्या बिंदूच्या वर येईपर्यंत ते दाबलेलंच मानलं जातं. रॅपिड ट्रिगरमध्ये बोट ०.२ मिमी वर उचललं तरी बटण लगेच सुटतं आणि पुन्हा तेवढंच खाली नेलं की लगेच लागतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये डावीकडे पळताना थांबल्याशिवाय गोळी नेमकी जात नाही, तिथे हा फरक हाताला जाणवतो. हे श्रेय द्यायलाच हवं.

आता खोटेपणा. ०.००५ मिमी अचूकता म्हणे! माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, म्हणजे दावा केसाच्या चौदाव्या हिश्श्याचा. त्याच स्विचची दांडी कीकॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, धरून हलवली तर डोळ्यांना दिसेल एवढी डुलते. दांडी डुलली की चुंबक सरकतो आणि वाचन बदलतं. दोन चुंबकांची ताकदही तंतोतंत सारखी नसते. शिवाय तापमान वाढलं की चुंबकाची ताकद किंचित घटते, सेन्सरही थोडा सरकतो. एसीत बसून केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे बटणाचं वरचं-खालचं टोक कीबोर्डला शिकवणं, विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तसंच राहील असं समजू नका. चांगलं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम, ही भरपाई स्वतः करतं. स्वस्त मॉडेलमध्ये ती नसते, मग एखादं बटण तळाशी दाबून धरलं असताना मध्येच सुटतं किंवा हात न लावता लागून राहतं. उपाय साधा आहे. सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन चालू करायचं, प्रत्येक बटण तळापर्यंत सावकाश दाबून पूर्ण सोडायचं आणि सेव्ह करायचं. वरच्या आणि खालच्या टोकाला थोडा डेड झोन, म्हणजे हालचाल न मोजणारा पट्टा, ठेवायचा. पण हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. मॅन्युअल म्हणजे एक घडीचा कागद, त्यावर दिव्यांचे वीस प्रकार आणि ते बदलायचे शॉर्टकट.

८००० हर्ट्झचं गणितही करूनच टाकू. १००० हर्ट्झला कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला कॉम्प्युटरला माहिती देतो, ८००० ला दर ०.१२५ ला. सरासरी वाट पाहण्यातला फरक अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ हर्ट्झवर जवळजवळ ७. म्हणजे ज्याच्याकडे साधा मॉनिटर आहे त्याला हा आकडा विकणं ही सरळ फसवणूक आहे. त्यातही काही कीबोर्ड माहिती सेकंदाला ८००० वेळा पाठवतात, पण आत बटणं तेवढ्या वेगाने तपासतच नाहीत. तीच जुनी माहिती आठ वेळा पाठवली जाते. जुन्या प्रोसेसरवर एवढ्या नोंदी हाताळताना गेम उलट अडखळतो. आधी १००० वर ठेवा, फरक शोधून पाहा.

आणि मराठी लिहिणाऱ्यांचा तर या लोकांनी विचारच केलेला नाही. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत गेममध्ये पळायच्या चार बटणांवर काय येतं? डब्ल्यूवर ै, एवर ो, एसवर े आणि डीवर हलन्त. म्हणजे गेमसाठी सर्वात नाजूक करून ठेवलेल्या चारही जागा मराठी लिहिताना सतत लागणाऱ्या. तिथे ०.१ मिमीवर नोंद आणि वर रॅपिड ट्रिगर ठेवला की बोट नुसतं टेकलं तरी मात्रा पडते, हलन्त दोनदा उमटतो, जोडाक्षर फुटतं. डावी शिफ्टही तशीच ठेवली तर ती मध्येच सुटते आणि ळ च्या जागी ल येतो, कारण ल एनवर आणि ळ शिफ्टसह एनवर आहे. दोन वेगळे प्रोफाइल करा. गेमसाठी या चार बटणांना १ ते १.२ मिमीवर नोंद आणि ०.२ ते ०.३ मिमी रॅपिड ट्रिगर पुरे आहे. बाकीची बटणं १.५ ते २ मिमीवर. लिखाणाच्या प्रोफाइलमध्ये सगळीच बटणं २ मिमीवर, रॅपिड ट्रिगर पूर्ण बंद. ही विभागणी कारखान्यातूनच करून देता आली असती. पण कित्येक कीबोर्ड डब्यातून निघतात तेच सगळ्या बटणांवर सारखी अतिसंवेदनशीलता घेऊन, कारण दुकानात हात लावला की ‘केवढा फास्ट’ असं वाटायला हवं.

आता त्या स्पेसबारकडे येतो, कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि शिफ्ट ही लांब बटणं एका स्विचवर तोल धरू शकत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना स्टॅबिलायझर असतो. प्लास्टिकचे दोन खांब आणि त्यांना जोडणारी स्टीलची वाकवलेली तार. खडखड होते दोन कारणांनी. तार प्लास्टिकच्या खाचेत सैल बसते किंवा तार सरळच नसते. दोन्ही दोष कारखान्यात दिसतात आणि दोन्ही तिथेच मिटवता येतात. न मिटवता माल पुढे ढकलायचा आणि कामाचे पैसे आपल्याकडून घ्यायचे, ही यांची पद्धत.

दुरुस्ती अशी. तारेच्या कीकॅप पुलरने स्पेसबार सरळ वर ओढा. बोटाने एका कडेने उचकटलात तर खांब तुटतो. नुसती खडखड असेल तर तार जिथे खांबाच्या खाचेत शिरते त्या दोन टोकांना बारीक ब्रशने किंवा सुईच्या सिरिंजने डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि बटण पंधरा-वीस वेळा दाबा. खांब जिथे स्टॅबिलायझरच्या बाहेरच्या कवचाला घासतो तिथे क्रायटॉक्स २०५जी० या ग्रीसचा अगदी पातळ हात. एवढ्यावर आवाज राहिला तर तार काढून काचेवर सपाट ठेवा. एक टोक उचललेलं दिसलं तर पक्कडीने हळूहळू सरळ करा. कृपा करून डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल घालू नका. पातळ तेल वाहत जाऊन पीसीबीवर उतरतं, धूळ धरतं, आणि खोबरेल थंडीत थिजून बटणच जड करतं. आधी स्टॅबिलायझरचा प्रकारही बघा. स्विच धरणाऱ्या प्लेटवर नुसते अडकवलेले असतील तर ते थोडे डुलणारच. पीसीबीला स्क्रूने बसवलेले असतील तर मेहनत टिकते. आणि हा प्रकार विक्रीच्या पानावर लिहिलेला शोधून दाखवा!

तरीही स्पेसबार एका बाजूला टेकत असेल तर दोष कीकॅपचा. पीबीटी प्लास्टिक साच्यातून निघून थंड होताना एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकपेक्षा जास्त आकसतं, म्हणून लांब पीबीटी बटणं वाकतात. काचेवर ठेवून बघा, उजेड दिसला तर बदलून मागा. एबीएसची गोष्ट वेगळी. ते वाकत कमी, पण बोटांच्या तेला-घर्षणाने गुळगुळीत चकाकतं. त्यातही सर्वात वाईट प्रकार म्हणजे पारदर्शक एबीएसवर काळा रंग मारून लेझरने अक्षर कोरलेलं. आधी अक्षराची कड जाते, मग रंगच उडतो आणि खालचा दिवा डोळ्यात जातो. ‘डबल-शॉट’ (अक्षर दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचं ओतलेलं) हा शब्द लिहिलेला नसेल तर हाच प्रकार आहे असं धरून चाला.

सॉफ्टवेअरबद्दल किती बोलावं? बटणाची खोली बदलण्यासाठी शेकडो एमबीचा प्रोग्रॅम, त्यात लॉगिन, तो कॉम्प्युटरबरोबर चालू होणार आणि मागे बसून मेमरी खाणार. लिनक्सवाल्यांना जागाच नाही. काही प्रोग्रॅम बंद केले की सेटिंगच जातात, कारण प्रोफाइल कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठतच नाही. ब्राउझरमधून सेटिंग करणारे बरे, पण तेही क्रोम किंवा एजमध्येच चालतात, फायरफॉक्स आणि सफारीत नाहीत. शिवाय कंपनीने ती वेबसाइट बंद केली की चुंबकाची सगळी हुशारी तिथेच अडकते, आणि इथे साध्या मेकॅनिकलपेक्षा हा कीबोर्ड जास्त पांगळा आहे, कारण त्याचं सगळं मोल सेटिंगमध्येच आहे. फर्मवेअर अपडेट करताना तर आणखी जपून. डेस्कटॉपवर अपडेट चालू असताना वीज गेली तर कीबोर्ड मेला असं समजा. लॅपटॉपवर बॅटरी भरलेली ठेवून, हब न वापरता थेट पोर्टला लावून करा. कंपनीने परत उठवायची सोय दिलेली असते कधीकधी, पण ती कशी वापरायची ते विचारा ग्राहक सेवेला. उत्तर येतं, ‘केबल बदलून बघा.’

केबलही बघा ना. यूएसबी-सी पोर्ट खोलगट खाचेत बसवलेला, म्हणजे घरातली दुसरी कुठलीही जाड टोकाची केबल आत जात नाही. 

डब्यावर मोठ्या अक्षरात अजून काय असतं? एक बटण दाबलेलं असताना उलट दिशेचं दाबलं की पहिलं आपोआप सोडणारी सोय. रेझर कंपनीने २०२४ च्या जुलैमध्ये ती स्नॅप टॅप नावाने आणली, मग सगळ्यांनी आपापल्या नावाने. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ बनवणाऱ्या व्हाल्वने त्याच्या अधिकृत सर्व्हरवर असल्या मदतीने खेळणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. तरी डब्यावर ती सोय मिरवणारे इशाऱ्याची एक ओळ छापत नाहीत. पोरगं रँक मॅचमधून फेकलं जातं तेव्हा त्याला कळतं. तो गेम उघडण्याआधी ही सोय बंद करा.

हॉट-स्वॅपचा, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच बदलण्याचा, गवगवाही अर्धवट. साधे तीन किंवा पाच पिनांचे मेकॅनिकल स्विच मॅग्नेटिक बोर्डवर नुसते बसले तरी चालत नाहीत, त्यांच्यात चुंबकच नसतो. मॅग्नेटिक स्विचही सगळे एकसारखे नाहीत, चुंबकाचं टोक उलटं असेल तर वाचन उलटं येतं. कुठले चालतात ती यादी विकणाऱ्याने द्यायला हवी. आणि सेन्सर गेला तर स्विच बदलून काही होत नाही, पीसीबीच गेला.

तेव्हा वॉरंटीकडे वळावं, तर परत करायची मुदत काही दिवसांची, नंतर आयातदाराचा ईमेल, आणि खालच्या स्क्रूवर ‘फाटल्यास वॉरंटी रद्द’ असा स्टिकर. म्हणजे स्टॅबिलायझर त्यांनी खराब द्यायचा आणि तो सुधारण्यासाठी स्क्रू काढला की दोषी आपण. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, कुठल्या देशातून आलं ते आणि तक्रारीचा संपर्क असायलाच हवा. डबा फेकू नका, या बाजूचा फोटो काढा. खडखडणारा स्पेसबार पहिल्याच दिवशी आवाजासह व्हिडिओत घ्या, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार लेखी करा आणि उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करून नोंदवा. ‘मॅग्नेटिक कीबोर्डमध्ये एवढा आवाज येतोच’ असं विकणारा म्हणाला तर ते लेखी मागा.