जनानेश

गेल्या शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत माझं नाव जनानेश होतं. हायवेला लागून असलेल्या न्यू जर्सीतल्या एका हॉटेलात, कुबट वासाच्या गालिच्यावर उभं करून, तीन परक्या माणसांनी माझं बारसं केलं. घुगऱ्यांचे पंच्याऐंशी डॉलर मी आधीच ऑनलाइन भरले होते.

निमित्त होतं विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचं वीकेंडचं संमेलन. इथे त्याला सगळे नुसतं 'कॉन' म्हणतात. साधारण कॉनमध्ये माणसं अंगाला हिरवा रंग फासून, पुठ्ठ्याच्या तलवारी लटकवून येतात. पण हे कॉन मुळात अशा कॉनांना वैतागलेल्यांचं. हा उलट्या चालीचा पंथही आता जुना झालाय. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ पासून भरणाऱ्या रीडरकॉनमध्ये पोशाखांची स्पर्धा नसते, भर असतो तो लिहिलेल्या शब्दावर. मी गेलो होतो ते कॉन रीडरकॉनही फार सरकारी झालं असं म्हणणाऱ्यांचं. कार्यक्रमपत्रिकेत एका परिसंवादाचं नाव होतं 'ड्रॅगन हवेतच कशाला?' आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत 'ड्रॅगन नकोत म्हणणारे कोण?' 'साय-फाय' हा शब्द उच्चारला की बरणीत एक डॉलर टाकायचा, कारण खऱ्या चाहत्याला तो शब्द खपत नाही. १९५०च्या दशकात 'हाय-फाय'ला यमक म्हणून जुळवलेला, सिनेमावाल्यांनी वापरून पार चोथा केलेला शब्द, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्या दहा मिनिटांत तीन डॉलर भरले.

आता ते टेबल.

नोंदणीच्या टेबलावर जांभळ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. स्वयंसेविका. अतिशय गोड. त्यांनी माझा छापील बिल्ला काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते भाव उमटले जे मी एकोणीस वर्षं रोज बघतोय. वर्गात हजेरी घेताना, दवाखान्यात पुकारताना, माझ्या नावाच्या आधी जी एक छोटी शांतता पडते, ती पडली.

"ड... डन...?"

डी, एन, वाय. ज्ञानेश हे नाव मराठी माणसाने रोमन लिपीत लिहिलं की असंच दिसतं. डी आणि एन असे खेटून उभे राहिलेले अमेरिकेने बघितलेले नाहीत. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "डॅन म्हणा." एकोणीस वर्षं हेच म्हणतोय. ऑफिसात डॅन, कॉफीच्या दुकानात डॅन, एकदा लग्नाच्या वाढदिवसाच्या केकवरसुद्धा डॅन.

तेवढ्यात मागून आवाज आला. "चुकीचं आहे."

मागे एक म्हातारबा उभे होते. पंचाहत्तरीचे असावेत. खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट, दोन्ही कानांत यंत्रं, आणि गळ्यातल्या बिल्ल्याला एकाखाली एक चिकटवलेल्या रंगीत फिती, थेट गुडघ्यापर्यंत. जुन्या चाहत्यांची ही सैनिकी पदकंच. सगळ्यात खालच्या फितीवर लिहिलं होतं, 'मला हे मान्य नाही'.

मला वाटलं, बाजू घेतायत. हा माणूस म्हणणार, डॅन कशाला, याचं खरं नाव घ्या. माझा चेहरा कृतज्ञतेने फुललाही असेल. आता आठवलं की लाज वाटते.

"डॅन चुकीचं आहे," ते म्हणाले, "पण 'डी'सुद्धा चुकीचा आहे. तुमच्या नावात 'द' नाही."

"माझ्या नावात?"

"ज्ञ. ज् अधिक ञ. कॉलेजात असताना मी चार सत्रं संस्कृत केलंय. 'द' आणि 'न' कुठून आणलेत तुम्ही?"

कुठून आणले! साहेब, मिरजेहून आणले. आख्खा महाराष्ट्र द्न्य म्हणतो. हे मी म्हणालोही, जरा नम्रपणे. त्यावर ते हसले, लहान मुलाने पृथ्वी सपाट आहे म्हटल्यावर हसावं तसे. "आख्खा प्रांत चुकू शकतो," ते म्हणाले. मग टेबलावरच्या वाटीतली मिंटची एक गोळी उचलून त्यांनी जिभेच्या मधोमध ठेवली, तोंड उघडलं आणि बाईंना जवळ बोलावलं. "बघा. गोळी टाळूला लागली पाहिजे. टोकाला नाही, मधे. पिन्याता या स्पॅनिश शब्दातला न्य असतो ना, तसा. ज्ञ. ज्ञ." दुसऱ्या वेळी गोळी सुटली आणि माझ्या बिल्ल्यावर येऊन पडली. ती त्यांनी शांतपणे उचलून पुन्हा तोंडात टाकली आणि म्हणाले, "आता तुम्ही."

रांगेत माझ्यामागे चौदा माणसं. मी, वय वर्षे सेहेचाळीस, घरचं कर्ज फेडत आणलेला माणूस, माझं स्वतःचं नाव म्हणून दाखवलं.

"नाही," ते म्हणाले. "पुन्हा."

आणि मी पुन्हा म्हटलं! हेच मला पाच दिवस झोपू देत नाहीये. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर शाळेत बाईंनी 'पुन्हा' म्हटलं की जीभ आपोआप उचलली जायची, तशी ती उचलली गेली.

बाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांनी साक्षीला पलीकडच्या टेबलावरच्या एका भारतीय पोराला हाक मारली. पोरगं लखनौचं. त्याने बिल्ला वाचला आणि प्रेमाने म्हणाला, "अरे भाईसाहब, ये तो ग्यानेश है!" म्हातारबांनी एक दीर्घ श्वास घेतला. "आणि हा," ते बाईंना म्हणाले, "दुसऱ्या प्रकारचा चुकीचा आहे."

मग तिथे लोकशाही झाली. तीन उच्चार, तीन माणसं, आणि संस्कृत येणारा एकच. बाईंनी सर्वांत ठाम माणसाचं ऐकलं, नवा बिल्ला छापला, मनापासून माफी मागितली आणि माझ्या गळ्यात घातला. जे, एन, ए, एन, ई, एस, एच. म्हातारबांनी तृप्त मान हलवली. शास्त्र जिंकलं.

फक्त एकच अडचण. 'जे'च्या पुढे 'एन' आला की अमेरिकन जीभ मधे एक 'अ' घालते. त्यामुळे तिथून पुढे जो भेटला, त्याने बिल्ला वाचून उत्साहाने हाक मारली, "हाय, जनानेश!"

जनानेश. जनान्याचा ईश. एका अंतःपुराचा मालक, घरी एकच बायको आणि तिच्यापुढे एकही शब्द न चालणारा. बायकोला मी शुक्रवारी रात्री फोनवर सांगितलं तर ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, "हुजूर जेवले का?"

'डी'वरून मी म्हातारबांवर एक डाव टाकून बघितला. चहाकॉफीच्या खोलीत ते चिप्स खात होते, तिथे गाठलं. म्हटलं, तुमच्या वेन्सडेमध्ये मधे 'डी' आहे, तो तुम्ही उच्चारता का? "अर्थात," ते म्हणाले. "वेड-नेस-डे. मी १९७१ पासून तसंच म्हणतो. लोक चुकतात." अशा माणसाचं काय करणार? पुण्यावरचे विनोद मी करत नाही, मी मिरजेचा आहे, पण त्या क्षणी मला सदाशिव पेठेची फार आठवण आली.

नुसत्या बिल्ल्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. शनिवारी सकाळी नऊला माझं भाषण होतं. वीस मिनिटं. विषय मी मोठ्या हौसेने घेतला होता, खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. उलट्या चालीच्या माणसांना सांगायला याहून चांगला माणूस कोण? श्रोते अकरा. बारावे ते, पहिल्या रांगेत.

माझी दुसरीच स्लाइड होती, मराठी विज्ञान परिषद, १९७४ची विज्ञानकथा स्पर्धा. परिषद आपलं नाव रोमन लिपीत कसं लिहिते माहितेय ना? विज्ञानमधला ज्ञ. डी, एन, वाय.

हात वर गेला. "हा प्रश्न नाही, टिप्पणी आहे," ते म्हणाले, आणि कॉनला गेलेल्या कुणालाही विचारा, या वाक्यानंतर खोलीतली माणसं खुर्चीत खाली सरकतात. टिप्पणी अकरा मिनिटं चालली. पाणिनी आला, प्राकृत आलं, ग्रीक आलं, गोळी परत आली. सूत्रसंचालक काय करत होता? मान डोलवत होता. पुढच्या रांगेतली एक मुलगी वहीत 'ज्ञ' गिरवायला लागली होती. माझ्या भाषणात एवढ्या तन्मयतेने कुणी काही लिहून घेतलं नव्हतं.

उरलेली वीसातली सहा मिनिटं मी कशीतरी भरली. जे राहिलं ते इथेच सांगतो, कारण पंच्याऐंशी डॉलर भरून मी ते पोटात ठेवणार नाही. नारळीकर तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव झालेलं होतं. स्पर्धेला कथा पाठवली तर परीक्षक नावाला बक्षीस देतील, म्हणून त्यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. पहिलं बक्षीस जगतापांना. म्हणजे बघा, एक माणूस मुद्दाम नाव लपवतो आणि बक्षीस मिळवतो, आणि मी माझं नाव गळ्यात अडकवून हिंडतो तर ते मला ठेवू देत नाहीत. हे वाक्य मी भाषणात म्हणणार होतो. लोक हसले असते. मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

आणि खरा मुद्दा पुढे होता. विश्व एका महास्फोटातून जन्मलं हे सगळं जग मान्य करत असताना नारळीकर शेवटपर्यंत त्याच्या विरुद्ध उभे राहिले. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनी तर त्या सिद्धान्ताला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली बीबीसी रेडिओवर दिलं, आणि दिलं ते त्याला विरोध करताना. पुढे १९९३ मध्ये हॉइल, खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज आणि नारळीकरांनी मिळून स्वतःचा पर्यायी सिद्धान्त मांडला. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. नारळीकर मे २०२५ मध्ये पुण्यात गेले. सगळ्यांच्या विरोधात जाणं म्हणजे गणित मांडून, आकडे दाखवून, चाळीस-पन्नास वर्षं एकटं पडायची तयारी ठेवणं. नोंदणीच्या रांगेत परक्या माणसाच्या नावातला 'द' काढणं नव्हे. पण हे ऐकायला त्या खोलीत वेळच उरला नव्हता. "वेळ संपली," सूत्रसंचालक मला म्हणाला. मला!

खरं तर या जमातीचं हे आजचं नाही. १९३९च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक कॉन भरलं, तेव्हाच एका पिवळ्या पत्रकावरून भांडण होऊन सहा चाहत्यांना दाराबाहेर ठेवलं होतं. त्यातले काही पुढे मोठे लेखक-संपादक झाले. ते शनिवारी रात्री कुणीतरी अभिमानाने सांगितलं. मी मनात म्हटलं, त्यांना निदान त्यांच्या खऱ्या नावाने हाकललं.

रविवारी दुपारी बॅग घेऊन निघालो तर म्हातारबा दारात उभे. त्यांनी जाकिटाच्या एका खिशातून फितींचं रीळ काढलं, एक फित फाडली आणि माझ्या बिल्ल्याखाली चिकटवली. 'मला हे मान्य नाही'. मग माझा हात हातात घेऊन ते अगदी सावकाश, जीभ टाळूला लावून म्हणाले, "ज्ञानेश."

त्यात 'द' नव्हता. वाईट याचं की ऐकायला छान वाटलं.

गाडीतून मिरजेला फोन लावला. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण अण्णा झोपले नव्हते. चौतीस वर्षं हायस्कूलला मराठी आणि संस्कृत शिकवलेला माणूस, माझं नाव ज्यांनी ज्ञानेश्वरीवरून ठेवलं. मी सगळं सांगितलं. मिंटची गोळी, लखनौचं पोरगं, अकरा मिनिटं, जनानेश. माझा आवाज चढला होता. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. म्हटलं, म्हाताऱ्याला पोराचा अपमान लागला.

"अरे," अण्णा म्हणाले, "गृहस्थ बरोबर बोलतायत. पाणिनीबद्दल नेमकं काय म्हणाले?"

"अण्णा, मला नाही आठवत."

"त्यांचा नंबर घेतलास का?"